दूरशिक्षणाच्या भालेरावबाई

भालेरावबाईंनी माझा पहिला पाणउतारा केला तेव्हा मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नव्हतं. हैदराबादेतल्या अंबरपेठेत, आमच्या घराच्या गच्चीवर, वाळत घातलेल्या चादरींच्या आडोशाला उभा राहून मी फोन कानाला लावला होता. आवाजात राग नव्हता. स्टेशनवरच्या चौकशीच्या खिडकीतून गाडीची वेळ सांगावी तसा सपाट, थंड आवाज. "जाधव, तुमच्या प्रहसनात तेवीस विनोद आहेत. मी मोजले. त्यातले बावीस माझ्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले आहेत. तेविसावा मला कळला नाही. तो कदाचित तुमचा स्वतःचा असेल. त्यावर काम करा."

चूक माझीच होती. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, विमा कंपनीत दावे तपासायची बरी नोकरी असताना, मला विनोदी लेखक व्हायचं होतं. ऑफिसातले लोक जेवणाच्या सुट्टीत माझ्या नकलांना हसायचे आणि 'मियाँ, तुम तो टीव्ही पे होना' म्हणायचे. ज्या ऑफिसात एसी बंद पडला तरी लोक हसतात, तिथल्या हसण्यावर विश्वास ठेवू नये, हे मला फार उशिरा कळलं.

त्याच सुमारास फोनवर एक जाहिरात आली. पुण्यातल्या कुठल्याशा संस्थेची 'विनोदी संहितालेखन पदविका', दूरशिक्षणानं. घरबसल्या हसवायला शिका. बारा पाठ, बारा स्वाध्याय आणि शेवटी प्रमाणपत्र. मी नाव घातलं. पाठ आले तेव्हाच मला शहाणपण यायला हवं होतं. पाठ दुसरा होता 'विनोदाचे सतरा प्रकार'. प्रत्येक प्रकाराखाली एक उदाहरण, आणि सतरापैकी अकरा उदाहरणांत एक बायको आणि तिचं लाटणं. पाठाच्या शेवटी 'रिकाम्या जागा भरा'. विनोदात रिकाम्या जागा भरायला सांगणारा माणूस कसा दिसत असेल याचा मी पुष्कळ विचार केला आहे.

स्वाध्याय आपण टाईप करून पाठवायचा आणि आठवड्याभरात 'तज्ज्ञ मार्गदर्शक' आपला शेरा बोलून फोनवर पाठवणार, अशी पद्धत. माझ्या मार्गदर्शकाचं नाव 'सु. भालेराव' एवढंच छापलं होतं. मी मनात जाकीट घातलेला, पिकल्या दाढीचा, नाटकवाला पुणेकर उभा केला होता. निघाल्या सुलोचना भालेराव. पुढचे शेरेही पहिल्याच्याच वंशातले. "हे कोण बोलतंय, जाधव? पात्र बोलत नाही, तुम्ही बोलताय. तुम्ही जरा गप्प बसा, त्याला बोलू द्या." आणि एकदा, "पान चारवर तुम्ही कंसात 'प्रेक्षक हसतात' असं लिहिलंय. प्रेक्षकांना विचारलंत का?"

माझी बायको सुनीता हे शेरे स्वयंपाकघरातून ऐकायची. तिला माझ्या प्रहसनांना कधी हसू आलं नव्हतं, शेऱ्यांना मात्र ती मनापासून हसायची.

चौथ्या शेऱ्यात बाई माझ्या संवादांना 'लग्नाच्या निमंत्रणपत्रिका' म्हणत असताना त्यांच्या मागून एक आवाज आला. रेकॉर्ड करून गाडीवर लावलेला, घोगरा, 'उल्लिगड्डा, उल्लिगड्डा'. कांदेवाला. पुण्यात कांदा तेलुगूत विकत नाहीत. मी तो शेरा तीनदा ऐकला, बाईंसाठी नव्हे, कांद्यासाठी. मग धीर करून लिहिलं, "मॅडम, आपण हैदराबादला असता का?" उत्तर आलं, "हा प्रश्न अभ्यासक्रमात नाही." आठ दिवसांनी आपण होऊन दुसरा निरोप आला. रविवारी चार वाजता नल्लकुंट्याला या, भाजी मार्केटच्या मागं, दुसरा मजला. येताना काही आणू नका. मिठाई आणणाऱ्यांचं लिखाणही तसंच असतं.

म्हणजे इतके दिवस माझे विनोद अंबरपेठेतून पुण्याला जात होते, तिथून नल्लकुंट्याला येत होते, आणि बाईंचा थंड तिरस्कार त्याच वाटेनं परत फिरत होता. आमच्या दोघांच्या घरांत स्कूटरनं दहा मिनिटांचं अंतर होतं.

बाई बुटक्या होत्या. साठी ओलांडून सात-आठ वर्षं झालेली, केस कापलेले, अंगावर सुती साडी आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. कुणी बोलायला लागलं की मान डावीकडं कलती करून डावा कान पुढं करायच्या. ती टेलिफोन एक्स्चेंजची सवय. विशीत त्या परगावचे ट्रंक कॉल जोडायला बसल्या आणि साठीला निवृत्त झाल्या. वडील नांदेडकडून इथल्या रेल्वेच्या वर्कशॉपात आलेले. घरात एक छोटी बुद्धमूर्ती, एक लोखंडी कपाट आणि दोन खुर्च्या. तिसरा माणूस आला तर त्यानं उभं राहावं, असा सरळ हिशेब. लग्न केलं नव्हतं. का, ते मी विचारलं नाही. हाही प्रश्न अभ्यासक्रमात नसणार.

त्यांची दुसरी सवय जास्त वाईट होती. पूर्वी ट्रंक कॉलला तीन मिनिटं झाली की ऑपरेटर मध्ये येऊन तसं सांगायची. बाईंनी ते निवृत्तीनंतरही सोडलं नव्हतं. कुणीही काहीही सांगत असो, त्या घड्याळाकडं न बघता म्हणायच्या, "तीन मिनिटं झाली." खालचा घरमालक पाण्याची तक्रार सांगताना, शेजारीण मुलीच्या बाळंतपणाची कहाणी सांगताना, मी माझ्या प्रतिभेविषयी बोलताना. आश्चर्य म्हणजे तीन मिनिटांनंतर बहुतेकांकडं खरंच सांगण्यासारखं काही उरलेलं नसायचं.

या संस्थेच्या नादी त्या कशा लागल्या, तेही त्यांनी तीन मिनिटांच्या आत सांगितलं. नोकरीत असताना रेडिओच्या मराठी कार्यक्रमासाठी त्या प्रहसनं लिहायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांना संस्थेची जाहिरात दिसली. तिच्यात शुद्धलेखनाच्या नऊ चुका होत्या आणि एकही विनोद नव्हता. तसं त्यांनी पत्रानं कळवलं. संचालकांनी त्यांना मार्गदर्शक नेमलं. "टीका करणाऱ्याला नोकरी दिली की तो गप्प बसतो, असं त्यांना वाटलं," बाई म्हणाल्या. "सरकारी माणसाचा त्यांना अनुभव नव्हता."

शिकवायची त्यांची रीत एकच. तुमची संहिता हातात घ्यायच्या आणि मोठ्यानं वाचायच्या, पण कशा, तर टेलिफोनचे नंबर सांगावेत तशा. चढ नाही, उतार नाही, कुठं थांबणं नाही. नवरा, बायको, सासू, पोलीस, सगळे एकाच आवाजात. माझा सर्वांत लाडका विनोद त्या आवाजात ऐकताना माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांचं म्हणणं, नटाच्या वेड्यावाकड्या तोंडावर जो विनोद जगतो, तो नटाचा. नंबरासारखा वाचला तरी जो विनोद राहतो, तो लेखकाचा. त्या हिशेबानं माझ्या सहा महिन्यांच्या लिखाणात माझं असं काहीही नव्हतं. चहा त्या देत, पण तोही शेऱ्यासारखाच. पाणी जास्त, साखर नाही.

तरी मी दर रविवारी जायचो. सुनीता म्हणायची, "त्या बाईंकडं जाऊन आलास की दोन दिवस तू घरात बोलत नाहीस. चालू दे."

मग आमच्या मराठी मंडळाचा वार्षिक समारंभ आला. मंडळाचे सभासद वर्षभर एकमेकांशी तेलुगूत नाहीतर इंग्रजीत बोलतात, पोरांना मराठी वाचता येत नाही, आणि वर्षातून एकदा फेटे बांधून सगळे माय मराठीच्या काळजीनं व्याकूळ होतात. सेक्रेटरींनी मला नाटुकलं लिहायला सांगितलं. मी बाईंकडचा एक रविवार बुडवून ते लिहिलं. घरात एक वकीलसाहेब, त्यांची बायको आणि सखू नावाची मोलकरीण. सखू मराठवाड्याची. ती 'म्या काय म्हन्ते' म्हणाली की सभागृह हसायचं. ती इंग्रजी शब्द चुकवायची, सभागृह हसायचं. मिक्सरला घाबरून ती सोफ्याखाली शिरली तेव्हा पहिल्या रांगेतले एक निवृत्त इंजिनिअर डोळे पुसत होते. वीस मिनिटं लोक हसत होते आणि पडद्यामागं मी स्वतःला सिद्धहस्त समजत होतो.

बाई आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत, मान डावीकडं कलती करून शेवटपर्यंत बसल्या. नंतर मंडळाचा साबुदाणा वडा खाल्ला, सेक्रेटरींना 'तीन मिनिटं झाली' म्हणाल्या आणि माझ्याशी न बोलता निघून गेल्या.

पुढच्या रविवारी मी थोडा मिजाशीतच जिना चढलो. त्यांनी विषय काढला नाही. शेवटी मीच म्हणालो की लोक तर हसले.

"हौ, हसले," बाई म्हणाल्या. "कुणाला हसायचं ते तुम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. याला विनोद म्हणत नाहीत, जाधव. याला पत्ता देणं म्हणतात."

मी विचारलं, तुम्हाला राग आला का.

"राग कशाला? कंटाळा आला. माझी आई बरकतपुऱ्यात चार घरची भांडी घासायची. संध्याकाळी घरी आली की चारही घरं आम्हाला करून दाखवायची. डॉक्टरीणबाई साखरेचा डबा बंद करताना आतल्या साखरेवर कशी रेघ ओढून ठेवते, कुणी घेतली तर कळावी म्हणून. वकील बायकोला घाबरला की फोनवर कसा उगाच इंग्रजी बोलतो. फोन तर बंदच असायचा. आम्ही भावंडं पोट धरून लोळायचो. मोलकरीण चार घरांत जाते, तिच्याकडं चार घरांची नक्कल असते. आणि तुमची सखू वीस मिनिटांत एकदाही कुणाला हसत नाही. एवढी मुकी बाई तुम्हाला भेटली कुठं?"

मला आमच्या घरी येणाऱ्या बाईचं आडनावसुद्धा माहीत नव्हतं. आमचं घराणं शेतकऱ्यांचं. आजोबा नांदेडकडची जमीन विकून इथं आले तेव्हा 'म्या'च म्हणत होते. माझ्या आजीला मिक्सर माहीत नव्हता. मी हसवण्यासाठी जिला सोफ्याखाली घातलं होतं, ती दोन पिढ्यांमागची माझ्याच घरातली बाई होती. हे मला बाईंनी सांगितलं नाही. जिना उतरताना माझं मला कळलं, आणि कळल्यावर त्या सभागृहाचा आणि स्वतःचा असा काही वीट आला की स्कूटर सुरू करायलाही हात होईना.

अकरावा स्वाध्याय म्हणून मी तेच नाटुकलं उलटं लिहिलं. सखू घरी आली आहे आणि पोरांना वकीलसाहेब करून दाखवते आहे. बाईंनी ते नंबरासारखं वाचलं. दुसऱ्या पानावर, का कोण जाणे, मलाच हसू फुटलं. त्यांनी वर पाहिलं नाही. वाचून संपल्यावर म्हणाल्या, "दुसरं पान ठेवा. बाकीचं फाडा." वर्षभरात त्यांनी माझं केलेलं एवढंच कौतुक.

पदविकेचा समारोप संस्थेनं ऑनलाइन ठेवला होता. पडद्यावर पंचवीस-तीस चौकोन. इंदूरचा एक शिक्षक, बेळगावच्या एक डॉक्टरीण, सोलापूरचा एक तरुण ज्याच्या मागं त्याची आई पोळ्या लाटत होती. संचालकांनी झब्बा घालून पाऊण तास भाषण केलं आणि आजच्या तणावग्रस्त जीवनात हास्याची कशी गरज आहे ते इतक्या निर्जीवपणे सांगितलं की दोन चौकोन बंद पडले. मग त्यांनी भालेराव मॅडमना दोन शब्द बोलायची विनंती केली.

बाई म्हणाल्या, "या वर्गात दोघांना विनोद लिहिता येतो. बाकीच्यांनी आता घरी जावं."

सगळे घरीच होते. कुणी हललं नाही. डॉक्टरीणबाईंचा चष्मा पडद्याजवळ आला. सोलापूरच्या आईचं लाटणं थांबलं. संचालक हसून म्हणाले की मॅडम फार मिश्कील आहेत, आणि बाईंचा आवाज बंद केला. त्यांचे ओठ हलत होते, आम्हाला ऐकू काही येत नव्हतं. आयुष्यभर लोकांचे आवाज जोडणाऱ्या बाईचा आवाज एका झब्बेवाल्यानं बोटानं बंद केला, आणि आम्ही तीस जण ते बघत बसलो. मीही.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडं गेलो. वाटेत मनात घोकत होतो की त्यांच्या अपमानाबद्दल बोलायचं. बोललो भलतंच. विचारलं, "त्या दोघांत मी आहे का?"

बाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "विचारावं लागलं ना," त्या म्हणाल्या.

मी उठून आलो आणि चार महिने तिकडं फिरकलो नाही. संस्थेनं बाईंना काढून टाकलं. त्यांच्या जागी आलेला तरुण मार्गदर्शक प्रत्येकाला 'खूप छान सर, कीप इट अप' म्हणायचा. माझा मागं राहिलेला बारावा स्वाध्याय त्यानं चार मिनिटांत तपासून 'उत्कृष्ट' दिला. तो वाचायलाच सहा मिनिटं लागतात. प्रमाणपत्र आलं. मी ते भिंतीवर लावणार होतो. सुनीता म्हणाली, "लाव. पण कुणी विचारलं तर मी काहीतरी वेगळं सांगीन."

बाई परत भेटल्या त्या नल्लकुंट्याच्या भाजी मार्केटात. मी दोडके निवडत होतो. मागून आवाज आला, "जाधव, तो सोडा, तो जून आहे." चार महिन्यांच्या अबोल्याचा त्यांच्या लेखी एवढाच समारोप. मी पिशवी घ्यायला हात पुढं केला. पिशवीत मेथीच्या जुडीखाली उर्दूची पहिलीची अंकलिपी होती, डाळिंबाचं चित्र असलेली. मी तिच्याकडं बघतोय हे पाहून त्या म्हणाल्या, वर चला, सांगते.

एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षं त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर नुसरत नावाची बाई बसायची. चारमिनारच्या बाजूची, तीन मुलांची आई. बाईंच्या मते तिच्याइतकं विनोदी माणूस या शहरात झालं नाही. कानात लोकांचं बोलणं चालू असताना ती तोंडातल्या तोंडात एक वाक्य टाकायची आणि पुढचा अर्धा तास बाकीच्या मुलींना नंबर जोडता यायचे नाहीत. ऐकलेलं ती घरी जाऊन एका वहीत लिहायची. ते नियमात बसणारं नव्हतं म्हणून वही कधी कुणाला दाखवली नाही. दोन वर्षांपूर्वी नुसरत गेली, आणि आता घर बदलताना तिच्या मुलीनं ती वही बाईंना आणून दिली. म्हणाली, अम्मी आप का नाम बहुत लेती थी. वही उर्दूत होती. बाईंना उर्दू बोलता यायची, नुसरतपेक्षाही फर्राटेदार. वाचता एक अक्षर येत नव्हतं.

मी म्हणालो, त्यात काय, माझ्या ऑफिसात एक जण आहे, आठवड्यात वाचून दाखवील.

माझ्या वाईटात वाईट विनोदाकडं त्यांनी ज्या नजरेनं पाहिलं होतं, त्याच नजरेनं त्या बघत राहिल्या. "तुमचा घास दुसरा चावून देतो का, जाधव?"

म्हणून त्यांनी नाव घातलं होतं. उर्दू प्रमाणपत्र अभ्यासक्रम, दूरशिक्षणानं. मला बरं वाटलं हे मी लपवत नाही. आता त्यांना पाठ येत होते, त्यांनाही स्वाध्याय लिहावे लागत होते, आणि कुठं तरी बसलेला एक न दिसणारा परीक्षक त्यावर लाल शाईनं शेरे मारत होता. त्या पाठांवर त्या तुटून पडायच्या. "स्वाध्याय तिसरा. माझे आवडते फळ. पाच वाक्ये. मला अडुसष्टावं चालू आहे." एकदा त्यांनी तपासून आलेला कागद माझ्यापुढं टाकला आणि खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तळाशी तांबडी ओळ होती. मला उर्दू येत नाही, त्यांनाच विचारावं लागलं. त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या, "अक्षर फार वाईट आहे, असं लिहिलंय." त्या दिवशी चहात साखर होती. चुकून पडली असावी.

आता रविवारी मी जायचो तेव्हा त्या जीम, चे, हे ही उर्दू अक्षरं गिरवत बसलेल्या असायच्या. माझं लिखाण त्या मागत नसत, मीही नेत नसे. एकदा मी विचारलं की इतकी वर्षं दूरशिक्षणानं विनोद शिकवलात, तुम्ही स्वतः तो कसा शिकलात. त्या म्हणाल्या, "नुसरत जवळ बसायची. दुरून काय डोंबल येतंय." आणि पुन्हा गिरवायला लागल्या.

नोव्हेंबरच्या सुमारास एका रविवारी त्यांनी वही उघडली आणि मला बसायला सांगितलं. अक्षरांवर बोट ठेवत, अडखळत, मागं जात, पुन्हा पुढं येत त्यांनी एक पान वाचलं. वीस मिनिटं लागली. गोष्ट एवढीच होती. निजामाबादच्या एका माणसानं मुंबईच्या भावाला अर्जंट ट्रंक कॉल लावला. जोडून दिल्यावर दोघं खैरियत विचारून गप्प झाले. दोन्हीकडं नुसता श्वास. तीन मिनिटं झाल्यावर नुसरतनं मध्ये येऊन तसं सांगितलं. माणूस म्हणाला, आणखी तीन मिनिटं द्या. पुन्हा दोघं गप्प.

मी हसलो. बाई म्हणाल्या, "थांबा, अजून ओळ आहे." बोट खाली सरकलं. "मैं बोली, मियाँ, बात तो करो. वो बोले, बात तो ख़त में लिख दिया ना, अम्मा."

नंबरासारखाच वाचला त्यांनी, अक्षर लागत नसल्यामुळं नंबरापेक्षाही वाईट. तरी मी हसत होतो. एवढं एक वाक्य मला बारा पाठांत लिहिता आलं नव्हतं. बाईंनी समारोपात सांगितलेल्या त्या दोघांत मी नव्हतो, हे त्या दिवशी मला पहिल्यांदा विचारल्याशिवाय कळलं, आणि फारसं दुखलं नाही.

बाईंची परीक्षा डिसेंबरात झाली. त्यानंतर ऑफिसच्या ट्रेनिंगला मी तीन आठवडे विजयवाड्याला होतो. परत आलो तर खोलीला कुलूप. घरमालकानं सांगितलं की अम्मा न्हाणीघरात पडल्या, भाची येऊन नांदेडला घेऊन गेली. मी फोन केले. एकदाच लागला, त्या बोलल्या, आणि मी तब्येतीचं पाल्हाळ लावल्यावर वेळ झाल्याचं सांगून ठेवून दिला. एप्रिलमध्ये भाचीचा फोन आला, बाई गेल्याचा. वही उशाशी होती, निम्म्याच्या थोडी पुढंपर्यंत पेन्सिलीच्या खुणा होत्या, असं ती म्हणाली. पुढच्या महिन्यात त्यांची गुणपत्रिका नल्लकुंट्याच्या पत्त्यावर आली, ती घरमालकानं मला दिली. शंभरापैकी एक्केचाळीस. पास. ती मी नांदेडला पाठवून दिली. मंडळानं शोकसभा ठेवली होती. तिच्यात सेक्रेटरी बाईंच्या 'खेळकर स्वभावा'वर अकरा मिनिटं बोलले आणि कुणी त्यांना थांबवलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते परीक्षेच्या सकाळी. गुडघा दुखत होता म्हणून मी त्यांना स्कूटरवरून विद्यानगरच्या एका कॉलेजात सोडलं. फाटकावरचा वॉचमन म्हणाला, "अम्मा, बच्चों को छोड़के बाहर ठहरो." बाईंनी हॉल तिकीट त्याच्या नाकासमोर धरलं. त्यानं फोटो पाहिला, बाईंना पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला आणि बाजूला झाला. मला काही न बोलता त्या आत गेल्या.

मी वळलो तेव्हा लक्षात आलं की त्यांचा चष्मा माझ्या स्कूटरच्या डिकीत राहिलाय. वॉचमनच्या हातापाया पडून मी व्हरांड्यापर्यंत गेलो. शिपायानं चष्मा आत नेऊन दिला. खिडकी उघडी होती. विशी-पंचविशीच्या मुलामुलींमध्ये दुसऱ्या बाकावर बाई बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, प्रश्नपत्रिका डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, पुन्हा जवळ नेली. मग उजवीकडून डावीकडं दोन शब्द लिहिले आणि थांबल्या. पेन तसंच धरून समोरच्या भिंतीकडं बघत राहिल्या. पर्यवेक्षक फळ्याकडं वळले होते. बाईंची मान हळूच कलती झाली, आणि त्या शेजारच्या मुलीच्या उत्तरपत्रिकेत डोकावल्या.

मुलीच्या ते लक्षात आलं. तिनं वर पाहिलं नाही. आपलं कोपर तिनं जरासं बाजूला घेतलं.